डावीकडची सीट

उघड्या टपाची १९६६ सालची एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार. सुटी होऊन जवळजवळ पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये पडलेली. ती पुन्हा रस्त्यावर आली, ती शिवणकामात आयुष्य गेलेल्या एका आजींमुळे…

सकाळी नऊच्या सुमाराला शेजारच्या गॅरेजचं दार करकरत वर जायचं. मग रेडिओ सुरू व्हायचा. पाठोपाठ लोखंडावर काहीतरी घासल्याचा आवाज. शेजारच्या आजी कामाला लागल्या, हे मला स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता कळायचं.

आजी हे माझ्या मुलीनं त्यांना दिलेलं नाव. इंग्लंडमधल्या बाईला असं आजी म्हटलेलं चालेल का, याची मला आधी धाकधूक होती. पण त्यांनी एकदा अर्थ विचारला, ऐकून खूश झाल्या, आणि तेव्हापासून आमच्या सगळ्या घराच्याच त्या आजी झाल्या. वय आज सत्त्याहत्तर. पडदे, सोफ्याची कव्हरं, लग्नाचे झगे शिवण्यात जन्म गेला. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते असं त्या सगळ्यांना सांगतात. मी पाहिलंय, चष्मा लावतात!

तर या आजींनी तीन वर्षं खपून एक मोडकी स्पोर्ट्स कार उभी केली. हौशी श्रीमंतांच्या बंगल्यात कापडाखाली झाकून ठेवतात तशी नाही. रस्त्यावर पळणारी.

आम्ही राहतो ते ॲबिंग्डन हे ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्सच्या काठावरचं छोटं गाव. १९२९ पासून १९८० पर्यंत इथे एमजी गाड्यांचा कारखाना होता. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस. हे नाव आपल्याकडेही आता ओळखीचं झालंय. २०१९ पासून भारतात एमजीच्या मोठाल्या गाड्या विकल्या जाताहेत. पण ते नाव हात बदलत बदलत चिनी कंपनीकडे गेलं, त्या आधीची ही गोष्ट. तेव्हा एमजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर यायची ती दोन माणसांची, बुटकी, उघडी गाडी आणि तिच्या नाकावरचा अष्टकोनी बिल्ला.

त्यातली सगळ्यात खपलेली एमजीबी. १९६२ साली आली, १९८० साली बंद झाली. तेवढ्या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या बहुतेक बोटीनं अमेरिकेला गेल्या. इंजिन १७९८ सीसीचं, साधंसुधं. वेग ताशी शंभर मैलांच्या जरासा वर. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. नोकरी करणारा तरुण हप्त्यांनी घेऊ शकेल अशी होती, म्हणूनच तिच्यावर एवढ्या लोकांचा जीव.

आजींचे यजमान याच कारखान्यात जोडारी होते. गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी तिथे कामाला असायचं, असं आजी सांगतात. १९७२ साली दोघांनी एक जुनी एमजीबी विकत घेतली. रंग ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’. कंपनीनं नाव काहीही ठेवू दे, मला तर तो दुधावरच्या सायीचा रंग वाटतो. आत लाल चामड्याच्या सीटा. त्या गाडीतून दोघं समुद्रावर गेले, डोंगरात गेले, पावसात भिजले. इंग्लंडमध्ये चालक उजवीकडे बसतो, आपल्यासारखाच. तेव्हा आजींची जागा ठरलेली होती, डावीकडची सीट. मांडीवर नकाशा, डब्यात सँडविच.

‘‘तुम्ही नाही चालवली कधी?’’ मी विचारलं होतं.

‘‘छे! पहिला गिअर हट्टी आहे, तुझ्याच्यानं मोडेल, असं म्हणायचे ते. मग मीही म्हटलं, कशाला?’’

सप्टेंबर १९७९ मध्ये कारखाना बंद करायची घोषणा झाली. तीही गावानं एमजीच्या पन्नास वर्षांचा सोहळा केला, त्याच महिन्यात! ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. हजारावर माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यात आजींचे यजमान. दुसरं काम मिळालं, पण मन लागलं नाही. आणि १९८७ साली त्यांची लाडकी गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. खालून पत्रा सडला होता. मी स्वतः दुरुस्त करतो म्हणून त्यांनी ती सगळी सुटी केली. एकेक नट, एकेक स्क्रू बिस्किटांच्या डब्यांत घालून वर चिठ्ठ्या लावल्या. थोडं काम झालं, मग मुलांचं शिक्षण आलं, पाठीचं दुखणं आलं. गाडी राहिली ती राहिलीच. २०१६ साली ते गेले.

गॅरेज साफ करायचा विषय निघाला तो २०२१ मध्ये. मुलानं गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. ‘‘आई, भंगारात जाण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी तरी पडेल.’’ त्याचं काही चुकत नव्हतं. अशा गाडीवर करावा लागणारा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो, हे या धंद्यातला प्रत्येक माणूस सांगतो. आजींनी दोन दिवस मागून घेतले. डबे उघडून बसल्या. प्रत्येक डब्यात नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘दार, डावं, सात स्क्रू’. मोजले तर सहाच! त्या मला हसत हसत सांगत होत्या, ‘‘इतकी वर्षं हा माणूस मला नीटनेटकेपणा शिकवत होता, आणि स्वतः एक स्क्रू हरवून बसलाय.’’ तिसऱ्या दिवशी मुलाला निरोप गेला. गाडी विकायची नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. एका गॅरेजवाल्यानं फोनवर विचारलं, ‘‘मालकांशी बोलता येईल का?’’ आजी म्हणाल्या, ‘‘बोलताय की.’’ पण या गाडीचं एक बरं आहे. तिच्या भक्तांचा गोतावळा मोठा आहे. एमजी कार क्लब १९३० सालचा, त्याची कचेरी इथे ॲबिंग्डनलाच, जुन्या कारखान्याच्या शेजारी. क्लबाच्या लोकांचे पबमध्ये कट्टे भरतात. त्याला ते ‘नॅटर’ म्हणतात, म्हणजे चक्क गप्पा हाणणं! पहिल्या कट्ट्याला आजी मुलाला घेऊन गेल्या, तर सगळे प्रश्न मुलालाच. दुसऱ्या वेळी एकट्या गेल्या. तिथेच त्यांना एक निवृत्त वेल्डर भेटले. ‘‘मी कापीन, जोडीन. पण घासणं, साफ करणं तुमचं,’’ असा करार झाला.

मैत्रिणींनो, आता जरा पत्र्याचं सांगते. कंटाळू नका, कारण सगळी गोष्ट इथेच अडली होती.

ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस असते, तशी एमजीबीला नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. छप्पर असलेल्या गाडीत थोडा भार वरचा पत्रा घेतो. उघड्या गाडीत डोक्यावर काहीच नाही. त्यामुळे सगळी ताकद खाली, दोन्ही दारांच्या तळाशी असलेल्या पोकळ पट्ट्यांत. इंग्रजीत त्यांना ‘सिल’ म्हणतात, म्हणजे उंबरठा. पावसाचं पाणी, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ, सगळं त्या पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून रंग चकचकीत, टोचलं तर बोट आत! बरं, कुजलेली पट्टी नुसती कापून चालत नाही. आधी दाराच्या चौकटीत लोखंडी दांड्यांचा आधार जोडायचा. नाहीतर पट्टी कापल्याबरोबर गाडी मधोमध खचते आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत.

वेल्डरकाका हे समजावत होते, आणि मला आमची आई आठवली. बाबा अचानक गेले तेव्हा घर असंच मधोमध खचणार होतं. ते तिनं पेललं. त्या दिवसांत दारातली बाबांची बजाज चेतक सगळ्यात आधी विकली गेली. आई वीस वर्षं तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय टाकून बसली होती. एका हातात पिशवी, दुसरा हात बाबांच्या खांद्यावर. काकांनी गिऱ्हाईक आणलं, पैसे आईच्या हातात दिले. ‘‘आता कोण चालवणार?’’ असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

असो. गाडीकडे येते.

आजींच्या यजमानांनी तेव्हा उजवी बाजू स्वतः जोडली होती. वेल्डरकाकांनी टॉर्च मारून पाहिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं, आणि गप्प बसले. मग हळूच म्हणाले, ‘‘हे काढावं लागेल.’’ कुजलेला पत्रा न कापता त्यावरच नवा पत्रा चिकटवला होता. आतली कीड तशीच. त्यात त्या माणसाचा दोष तरी काय? ॲबिंग्डनच्या कारखान्यात सांगाडे बनतच नसत. ते बाहेरून तयार यायचे, इथे फक्त जोडणी. यजमान इंजिन बसवण्यात पटाईत, पण वेल्डिंग त्यांचं कामच नव्हतं. वरून लांबी भरून, घासून, रंग लावून त्यांनी ते झाकलं मात्र सुरेख होतं.

मुलानं दुसरा मार्ग सुचवला. एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं जुने मूळ साचे शोधून १९८८ सालापासून ते बनवायला घेतले. जुन्या गाडीचे सुटे भाग त्यावर चढवले की झालं. पण नवा सांगाडा आजींच्या पैशांत बसत नव्हता, आणि खालच्या पट्ट्या सोडल्या तर जुना पत्रा पुष्कळसा चांगला होता. प्रश्न फक्त त्या उजव्या बाजूचा. नवऱ्याच्या हातचं तेवढंच काम गाडीवर उरलेलं.

त्या रात्री आजींच्या स्वयंपाकघरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी त्या आमच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, ‘‘चल, तू पण ये. मला एकटीला बघवणार नाही.’’

ठिणग्या उडत होत्या. आजी गॅरेजच्या दारात, हाताची घडी घालून उभ्या. पट्टी सुटून खाली पडली तशी आतून तपकिरी भुगा सांडला, भांडंभर तरी असेल. ‘‘यात बसून मी गेले असते तर?’’ एवढंच म्हणाल्या. आठवण म्हणून ती बाजू तशीच ठेवता आली असती. गाडी दिसलीही असती छान. पण मग ती फक्त बघायची गाडी झाली असती. कापलेल्या पट्टीचा वीतभर तुकडा मात्र त्यांनी घासून, तेल लावून फळीवर ठेवलाय. आजही तिथेच आहे.

पत्र्याचं काम वेल्डरकाकांनी केलं, रंग रंगाऱ्यानं दिला. बाकीचं बहुतेक आजींनी. सीटांचं तर विचारूच नका. नवी कव्हरं तयार मिळतात, पण शिंप्याच्या हाताला ते कसं रुचणार? जुनी कव्हरं उसवून त्यांचाच नमुना काढला, लाल चामडं आणलं, घरच्या जाड मशिनवर शिवलं. शिवणीवरची गोट अशी सरळ, की रेघ मारावी.

कार्ब्युरेटरची वेळ आली तेव्हा मात्र त्या घाबरल्या. या गाडीला दोन असतात, एसयू नावाचे. डोक्यावर पितळी टोपी, खाली घुमटासारखं भांडं. आत एक पिस्टन हवेच्या ओढीनं वर-खाली होतो, त्याला निमुळती सुई जोडलेली. सुई वर गेली की पेट्रोलची वाट मोठी, खाली आली की लहान. पिस्टननं धसके खाऊ नयेत म्हणून वरच्या नळीत थोडं तेल घालायचं, समईत घालतो तसं, अधूनमधून बघून. बस्स, एवढंच यंत्र. ‘‘अगं, हे तर शिवणयंत्रापेक्षा सोपं आहे!’’ दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या.

आणि त्याचा इतिहास कळल्यावर तर त्यांना फारच आनंद झाला. एसयू म्हणजे स्किनर युनियन. स्किनर कुटुंबाचा धंदा चक्क जोड्यांचा! हर्बर्ट स्किनर यांनी १९०४ च्या सुमाराला हा कार्ब्युरेटर शोधला, तेव्हा त्यात पिस्टन नव्हता, चामड्याचा भाता होता. आणि तो भाता शिवला होता त्यांच्या बायकोनं, मेबलनं. आईला घरी बसून ते चामडं शिवताना पाहिल्याचं त्यांच्या मुलाला आठवत होतं. असा एक जुना नमुना पुढे लंडनच्या सायन्स म्युझियमला दिला गेला. शोध हर्बर्टचा, हे खरंच. टाके मात्र मेबलचे. आजींनी हे कट्ट्यावरच्या सगळ्या पुरुषमंडळींना दोनदोनदा ऐकवलं!

त्याच घराण्यातली बार्बरा स्किनर. १९३५ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एमजीच्या तीन छोट्या उघड्या गाड्या उतरल्या. प्रत्येक गाडीला दोन चालक, आणि सहाच्या सहा बायका. बार्बरा त्यांतली एक. बाकीच्या मार्गारेट ॲलन, कॉलीन ईटन, डोरीन इव्हान्स, ऑस्ट्रेलियाची जोन रिचमंड आणि ईव्हा गॉर्डन-सिम्पसन. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘डान्सिंग डॉटर्स’, नाचऱ्या पोरी म्हणा ना. त्या वर्षी कितीतरी गाड्या मध्येच बंद पडल्या. या पोरींच्या तिन्ही गाड्या चोवीस तास पुरे करून आल्या. यातल्या मार्गारेट ॲलननं पुढे महायुद्धात ब्लेचली पार्कला, शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायच्या केंद्रात काम केलं, आणि युद्धानंतर व्होग मासिकात मोटारींवर लिहिलं.

ॲबिंग्डनची स्वतःची कहाणी तर याहून झणझणीत. इथल्या कारखान्याच्या आवारात शर्यतीच्या गाड्यांचा विभाग होता. १९६० साली तिथे तयार केलेली ऑस्टिन-हीली ३००० घेऊन पॅट मॉस आणि ॲन विस्डम या दोघी लिएज-रोम-लिएज रॅलीला गेल्या. दिवसरात्र न थांबता, आल्प्सच्या घाटांतून. आणि पहिल्या आल्या. बायकांच्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिल्या! पॅट ही मोठा शर्यतपटू स्टर्लिंग मॉस याची बहीण, म्हणून तिची ओळख बरेचदा तशीच करून देतात. ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी आजी बारा वर्षांच्या होत्या, याच परिसरात शाळेत जात होत्या. ‘‘आणि मला कुणी सांगितलं नाही बघ,’’ असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

एक प्रसंग सांगायलाच हवा. या वयाच्या एमजीबीत सीटांच्या मागे, खाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. आणि वायरिंग आजच्या गाड्यांच्या उलटं. बॅटरीची अधिक बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली. एक तरुण इलेक्ट्रिशियन आला होता. सवयीनं तो वजा बाजू पत्र्याला लावायला गेला. मागून आजींचा आवाज, ‘‘थांब! हिचं अर्थिंग उलटं आहे.’’ पोरगा गडबडला, पुस्तक काढून पाहिलं, आणि मान खाली घालून तारा बदलल्या. चहा पिताना मात्र त्यानं आजींना अजून चार गोष्टी विचारून घेतल्या.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं २०२४ च्या वसंतात. आधी खोकला, मग निळा धूर, मग घुमणारा तो भरीव आवाज. गल्लीतली माणसं दारात आली. मुलगाही आला होता. तो गाडीभोवती फिरला, दारं उघडून-लावून पाहिली. दोन्ही दारं एका बोटानं लागत होती. म्हणाला, ‘‘बाबांना आवडलं असतं.’’ आजी म्हणाल्या, ‘‘उजवी बाजू कापल्याबद्दल आधी भांडले असते.’’

आता कायदा असा, की चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे रस्ता कर नाही, आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तरी आजींनी तपासणी करून घेतली. ‘‘१९८७ साली नापास झाली होती. पास झाल्याचा कागद मला बघायचाय.’’ तो कागद आता फ्रिजवर चुंबकानं लावलाय. शेजारी नोंदणीचा कागद. त्यावर नाव आजींचं.

राहिला तो हट्टी पहिला गिअर. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर सुखानं पडत नाही, खर्रर्र करून दात दाखवतो. म्हणजे यजमान खोटं बोलत नव्हते. पण मोडण्यासारखंही त्यात काही नव्हतं. थांबायचं, क्लच दाबायचा, क्षणभर धीर धरायचा. रविवारी पहाटे सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आजींनी सराव केला. पाठीला उशी, पायात सपाट बूट. सत्तरीनंतर इथे दर तीन वर्षांनी लायसन्स नव्यानं करावं लागतं, तेही त्यांनी नुकतंच करून घेतलं होतं. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी आमच्या दाराशी भोंगा वाजला.

‘‘बस. घाबरू नकोस, तिथे मी पंधरा वर्षं बसलेय.’’

मी डावीकडच्या सीटवर बसले. एवढी खाली, की हात सोडला तर रस्त्याला लागेल असं वाटावं! वाँटेजपर्यंत मोठा रस्ता, मग टेकड्यांच्या पायथ्यानं जाणारी वळणावळणाची वाट. टप उघडा, कानांत वारा, नाकात गवताचा आणि पेट्रोलचा वास. दोघींच्या डोक्याला रुमाल. वाँटेजच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागचा माणूस हॉर्न वाजवेल म्हणून मी अंग चोरलं. आजी शांत. थांबल्या, क्लच दाबला, किल्ली फिरवली, पहिला टाकला. मागच्या गाडीतल्या बाईनं अंगठा वर करून दाखवला.

अफिंग्टनच्या टेकडीवर एक पांढरा घोडा कोरलाय. गवत काढून, खाली खडू भरून काढलेला, शंभर मीटरहून लांब. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. आजींनी सांगितलं, हा घोडा आपोआप टिकलेला नाही. थोडी वर्षं सोडला तर गवत त्याला गिळून टाकेल. म्हणून माणसं येतात, तण उपटतात, नवा खडू हातोड्यानं ठोकून बसवतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. ‘‘आमच्या गाडीचंही तसंच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झाली, संपली असं काही नसतं. परत गेल्यावर तेल बघायचंय.’’

परतताना पाऊस आला. टप चढवायला आम्हाला दोघींना दहा मिनिटं लागली, तोवर चिंब झालो. पण दारांखालून एक थेंब आत आला नाही.

घरी आल्यावर मी पुण्याला आईला फोन लावला. सगळं सांगितलं. घोडा, पाऊस, गिअर. ती ऐकत होती. मग मी विचारलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते. ‘‘आई, बाबांची चेतक तुला ठेवायची होती का गं?’’

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाली, ‘‘चालवता येत होती मला. तुझ्या बाबांनीच शिकवली होती, कॉलनीमागच्या मैदानावर, तू दोन वर्षांची होतीस तेव्हा. डाव्या हातातला गिअर जरा जड जायचा, एवढंच.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘कुणी विचारलं होतं?’’